स्ट्रेटनरपुढे मोगरा का टिकत नाही

लग्नसराईत कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही पार्लरमध्ये ही तक्रार ऐकू येते: केसांना सीरम लावलं तेव्हा मोगरा दरवळत होता, स्ट्रेटनर फिरवला आणि वास गायब. मग सीरम बनवणारा सुगंधाची मात्रा वाढवतो. तिथंच चुकतं.

स्ट्रेटनरच्या पट्ट्या १८० ते २३० अंशांवर तापतात. संत्र्या-लिंबाचं लिमोनीन १७६ अंशांना उकळतं, फुलांच्या वासाचं लिनालूल १९८ ला, मोगऱ्यातलं गोडसर बेंझिल ॲसिटेट २१३ च्या आसपास. मात्रा दुप्पट केली तरी ही मंडळी उडणारच. वर टाळू खाजण्याचा धोका. टिकतात ती जड द्रव्यं: ३०८ अंशांना उकळणारं हेक्झिल सिनॅमाल्डिहाइड, चंदनातलं सँटालॉल, कस्तुरीच्या वासाचं गॅलॅक्सोलाइड. सुगंधाचा निम्म्याहून जास्त भार यांच्यावर हवा. हलकी द्रव्यं बाटली उघडताना छान वाटण्यापुरतीच.

१०० ग्रॅम सीरमसाठी सायक्लोपेंटासिलोक्सेन (उडून जाणारं पातळ सिलिकोन) ५७, डायमेथिकोनॉल या दाट सिलिकोनचं तयार मिश्रण ३५, चकाकीचं सिलिकोन फेनिल ट्रायमेथिकोन ५, आयसोप्रोपिल मायरिस्टेट (सुगंध विरघळवणारं तेलकट द्रव्य) २, सुगंध ०.८, व्हिटॅमिन ई ॲसिटेट ०.१५ आणि बीएचटी (खवटपणा रोखणारं अँटिऑक्सिडंट) ०.०५ ग्रॅम. बीएचटी आणि सुगंध आधी मायरिस्टेटमध्ये पूर्ण विरघळवा. थेट सिलिकोनमध्ये ओतलेला सुगंध पुष्कळदा गढूळ होतो नाहीतर थेंब होऊन तळाशी बसतो. मग सायक्लो आणि उरलेली द्रव्यं, शेवटी डायमेथिकोनॉल. न तापवता, सावकाश ढवळा. जोरात घुसळलंत तर बुडबुडे दिवसभर निघत नाहीत.

चकाकीसाठी अमोडायमेथिकोन हे सिलिकोन घालायचा मोह होतो. त्यातले अमाइन (नायट्रोजनचे) गट सुगंधातल्या ॲल्डिहाइडशी जुळतात, सीरम पिवळं पडतं आणि वासही बदलतो. तिथं हेक्झिल सिनॅमाल्डिहाइड नकोच.

चाचणी सोपी आहे. केसांच्या २ ग्रॅमच्या दोन बटा घ्या. एकीला सुगंधी, दुसरीला बिनवासाचं सीरम, प्रत्येकी ०.१ ग्रॅम. तीन मिनिटं थांबून २०० अंशांवर तीन फेऱ्या. वास गार झाल्यावर घ्या, पुन्हा दुसऱ्या दिवशी. बिनवासाची बट लागतेच, कारण तापलेल्या केसाला स्वतःचा गंधकी वास असतो आणि तो सुगंधाच्या माथी मारला जातो.

ते तीन मिनिटं थांबणं घरीही पाळावं. सायक्लोपेंटासिलोक्सेनची वाफ ७७ अंशांच्या पुढे पेट घेऊ शकते, म्हणून ते आधी उडून गेलेलं बरं. केस ओलसर असले तर आणखी वाईट: चर्र आवाज करत निघणारी वाफ सुगंध सोबत घेऊन जाते. अत्तराच्या भट्टीत हेच घडतं, फक्त तिथं वाफ गोळा करतात. आणि घाण्याचं खोबरेल लावून स्ट्रेटनर? ते १७५ अंशांच्या सुमारासच धुरायला लागतं.