हिरव्या रेघेचं कूळ

सकाळी उठून फोन हातात घ्यावा तर पडद्यावर वरपासून खालपर्यंत केसाएवढी हिरवी रेघ. फोन पडला नव्हता, भिजला नव्हता; रात्री अपडेट टाकून चार्जिंगला लावला होता, एवढंच. गेल्या काही वर्षांत भारतात हे इतक्या जणांच्या वाट्याला आलंय की ‘ग्रीन लाइन’ हा दुरुस्तीच्या दुकानांतला रोजचा शब्द झाला आहे. माझ्या फोनवर ती उगवली तेव्हा मी पुण्यात बुधवार पेठेतल्या एका काउंटरवर जाऊन उभा राहिलो. कारागिराने स्क्रूड्रायव्हरला हातही लावला नाही. माझ्या फोनचा एक स्क्रीनशॉट घेतला, तो स्वतःच्या फोनवर मागवून घेतला आणि दोन्ही फोन शेजारी ठेवले. त्याच्या फोनवर चित्र स्वच्छ. “बघा साहेब, फोटोत लाइन नाही. सॉफ्टवेअरचं काही नाही यात. डिस्प्ले गेलाय, कॉम्बो टाकावा लागेल.”

कॉम्बो म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेला संच. निदानाला अर्धं मिनिटही लागलं नाही. स्क्रीनशॉट फोनच्या मेमरीतून तयार होतो; पडद्यावर प्रत्यक्षात काय उमटलं याच्याशी त्याचा संबंध नसतो. दोष चित्रातच असेल तर तो स्क्रीनशॉटमध्ये येतो, पडद्यात असेल तर येत नाही. नंतर सर्व्हिस सेंटरला गेलो, तिथे मात्र रेघेकडे कोणी फारसं बघितलंच नाही. प्रश्न एकच: कोपऱ्याला हा बारीक पोचा कधी आला? डाग कशाचा हे ठरवणं आणि पैसे कोणी भरायचे हे ठरवणं, या दोन गोष्टी पडद्यांच्या बाबतीत कधी सुट्या झालेल्याच नाहीत.

जुन्या पेटीबंद मॉनिटरच्या काळात निदान सोपं होतं. काचेच्या आतल्या फॉस्फर या उजळणाऱ्या पदार्थाच्या थरावर इलेक्ट्रॉनांचा मारा व्हायचा आणि त्याच जागी रोज तेच चित्र राहिलं की तिथला थर लवकर थकायचा. बँकेतल्या किंवा तिकीट खिडकीतल्या मॉनिटरवर मेन्यूची चौकट कायमची कोरली जायची. मॉनिटर बंद केला तरी काळ्या काचेवर तिचं भूत दिसायचं; बघितलं की कळायचं. स्क्रीनसेव्हर आले ते यावरचा उपाय म्हणून. पडद्यावर तरंगणारे मासे आणि नळ्या ही नंतरची हौस.

एलसीडीने, म्हणजे द्रव स्फटिकांच्या पडद्याने, हे सोपेपण घालवलं. तिची सुरुवात १८८८ साली प्रागमध्ये झाली, आणि तीही गाजरातून. फ्रीडरिख रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्यातल्या एका संयुगाला दोन वितळणबिंदू आहेत असं त्याच्या लक्षात आलं: १४५.५ अंशांना ते वितळून गढूळ व्हायचं आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ. ओटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाने त्या गढूळ अवस्थेचा पाठपुरावा केला आणि द्रवासारखा वाहणारा पण स्फटिकासारखी शिस्त राखणारा पदार्थ, म्हणजे द्रव स्फटिक, ही कल्पना रुजली. तिचा पडदा व्हायला मात्र १९६८ उजाडलं. अमेरिकेत आरसीए कंपनीने जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाचं काम त्या वर्षी जाहीर केलं. मग घड्याळं आली, कॅल्क्युलेटर आले, आणि यथावकाश मोबाइल.

द्रव स्फटिक स्वतः उजेड देत नाहीत. ते फक्त मागून येणारा उजेड अडवतात किंवा सोडतात. खिडकीच्या झडपांसारखं काम. म्हणून एलसीडी बिघडली की पहिला सवाल हा: दिवा गेला की झडप गेली? कारागिरांची युक्ती इथेही साधी आहे. काळ्या पडलेल्या पडद्यावर तिरपी बॅटरी मारायची. आत चित्र पुसटसं हलताना दिसलं तर पडदा जिवंत आहे, मागचा दिवा मेलाय. काठावरून आत शिरलेला पांढरट उजेड, दाब पडलेल्या जागी उमटलेला ठिपका, उन्हात राहून पिवळसर पडलेली ध्रुवणाची (उजेडाला एकाच दिशेने कंपू देणारी) फिल्म, फुटल्यावर पसरलेला शाईसारखा काळा डाग: प्रत्येकाची जात वेगळी आणि मूळ थरही वेगळा.

एकेका ठिपक्याचा मामला आणखी चिघळला. रंगीत पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा आणि निळा अशा तीन उपपिक्सेलांचा. साध्या फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल, म्हणजे ६२ लाखांहून जास्त उपपिक्सेल. त्यातला एकही मेलेला नको असं म्हटलं तर कारखान्यातला निम्मा माल भंगारात जाईल, असा कंपन्यांचा सूर; आणि पैसे पूर्ण मोजले, मग मेलेला ठिपका मी का घ्यायचा, हा गिऱ्हाइकाचा. यावर २००१ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं १३४०६-२ हे मानक आलं. त्यात पडद्यांचे वर्ग पाडले होते. पहिल्या वर्गात एकही दोष चालणार नाही. दुसऱ्या वर्गात मात्र दर १० लाख पिक्सेलांमागे २ कायम पेटलेले आणि २ कायम विझलेले पिक्सेल, शिवाय ५ बिघडलेले उपपिक्सेल चालतील. बरेचसे उत्पादक साहजिकच दुसऱ्या वर्गात जाऊन बसले. म्हणजे तुमच्या मॉनिटरच्या ऐन मध्यावर लाल ठिपका टिमटिमत असला तरी कागदोपत्री तो निर्दोष. ‘दोष’ या शब्दाची व्याख्या कोण लिहितं याला किती महत्त्व असतं, ते या एका कागदावरून कळतं.

ठिपक्यापेक्षाही अवघड म्हणजे डागाळ. पडद्यावर कुठेच काही तुटलेलं नसतं, पण करडा रंग लावला की ढगाळ पट्टे दिसतात. पडद्यांच्या उद्योगात याला ‘मुरा’ म्हणतात. जपानीत त्याचा अर्थ असमानता. आपल्याकडे कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतो तसाच हा प्रकार, कुठे ते बोट ठेवून सांगता येत नाही. आज कारखान्यात प्रत्येक पडद्याचा कॅमेऱ्याने फोटो घेऊन त्याच्या पट्ट्यांचा नकाशा काढतात आणि त्या त्या जागी चमक किंचित कमी-जास्त करून ते झाकतात. घरी बघायचं तर अंधाऱ्या खोलीत, चमक अगदी खाली आणून, गडद करड्या रंगाचं कोरं चित्र लावायचं. पांढऱ्या पडद्यावर मुरा सहसा दिसत नाही. दुकानातल्या झगझगीत उजेडात तर नाहीच नाही.

स्मार्टफोन आल्यावर डिंकही संशयितांच्या यादीत आला. आधी काच आणि डिस्प्ले यांच्यात हवेची फट असायची. पुढे चित्र काचेला भिडलेलं दिसावं म्हणून दोन्ही पारदर्शक डिंकाने चिकटवायला लागले. २०१० च्या जूनमध्ये आयफोन ४ आला, इंचाला ३२६ पिक्सेलांचा पडदा घेऊन, आणि पहिल्याच दिवसांत लोकांनी त्यावरच्या पिवळसर डागांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. तेव्हा जे स्पष्टीकरण सगळीकडे फिरलं ते असं, की फोन घाईत बाहेर पडले, डिंक पुरता वाळलाच नव्हता. थोडे दिवस थांबा, डाग आपोआप जाईल. लग्नघरातल्या ओल्या रंगासारखी ही गोष्ट. आज गल्लीतल्या दुकानात नुसती ‘ग्लास चेंज’ करून घेतली आणि डिंक नीट बसला नाही, तर कडेला तसाच पिवळा पट्टा किंवा बुडबुडे दिसतात.

खरा पेच ओएलईडीने आणला. कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर लावून कमी विजेवर उजळणारा दिवा करून दाखवला. या पडद्यात मागे वेगळा दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः जळतो. म्हणून काळा रंग खरोखर काळा. पण जे जळतं ते झिजतं, आणि तिन्ही रंग सारख्या वेगाने झिजत नाहीत. निळ्या उजेडाला ऊर्जा जास्त लागते, त्यामुळे निळा आधी म्हातारा होतो. फॉस्फरच्या काळातलं भूत असं परत आलं: दिवसभर नकाशा लावून फिरणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या फोनवर नकाशाची पट्टी, सतत बातम्या बघणाऱ्याच्या फोनवर वाहिनीचा लोगो, आणि निळा ओसरल्यामुळे सगळ्यावर पिवळट झाक.

यावर एक उत्तर होतं पेनटाइल नावाची मांडणी, कॅन्डिस ब्राउन एलियट यांनी विकसित केलेली. त्यांच्या कंपनीचं हे तंत्रज्ञान २००८ मध्ये सॅमसंगने घेतलं. तीत प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा हिरवा असतो, पण लाल आणि निळे आलटून पालटून येतात. मानवी डोळा बारकावे टिपताना हिरव्यावर जास्त विसंबतो, म्हणून ही काटकसर खपून जाते, आणि निळ्याला मोठी जागा देता आली की तो जास्त दिवस टिकतो. २०१२ च्या गॅलॅक्सी एस ३ मध्ये पेनटाइल का, या टीकेला सॅमसंगने हेच टिकाऊपणाचं उत्तर दिलं होतं. अक्षरांच्या कडा जरा खडबडीत दिसायच्या हे खरं. पण या मांडणीचा जो परिणाम आज आपल्याला छळतो तो वेगळाच आहे. चित्राचा डेटा पडद्यावर उभ्या वाहिन्यांमधून उतरतो. पेनटाइलमध्ये हिरव्यांच्या रांगेला वेगळी वाहिनी आणि लाल-निळ्यांच्या रांगेला वेगळी. कडेच्या लवचिक पट्टीत किंवा जोडणीत एखादी वाहिनी बिघडली की तिची अख्खी रांग एकाच वेळी पेटून राहते. हिरव्यांची असेल तर हिरवी रेघ. लाल-निळ्यांची असेल तर गुलाबी.

२०१७ हे साल या सगळ्यात मला कळीचं वाटतं. एप्रिलमध्ये दक्षिण कोरियात गॅलॅक्सी एस ८ चे पडदे लालसर दिसतात अशी ओरड झाली आणि सॅमसंगने रंगांचा तोल हलवायची सोय अपडेटमधून दिली. ऑक्टोबरमध्ये गूगलचा पिक्सेल २ एक्सएल हा फोन आला. तिरपं बघितलं की निळी झाक, आणि काही आठवड्यांतच खालच्या बटणांच्या पट्टीची छाप. गूगलने वॉरंटी दोन वर्षांपर्यंत वाढवली आणि ती पट्टी वापरात नसताना मंद व्हावी अशी सोय केली. नोव्हेंबरमध्ये आयफोन एक्स बाजारात आला, तर ॲपलने मदतीच्या पानावर आधीच लिहून ठेवलं की तिरप्या कोनातून रंग बदलणं हा ओएलईडीचा गुणधर्म आहे आणि दीर्घकाळाने पुसट छाप उमटणंही अपेक्षितच. तीन कंपन्या, तीन पवित्रे. कायदेशीर दृष्टीने सगळ्यात हुशार तिसरा, ग्राहक म्हणून मला सगळ्यात न पटणाराही तोच.

२०२० मध्ये गॅलॅक्सी एस २० अल्ट्राच्या काही फोनांवर एका अपडेटनंतर, चमक कमी केली की पडदा हिरवट दिसायला लागला. पुढच्या अपडेटने ते बरंच निस्तरलं. अगदी थोड्या विजेवर तिन्ही रंगांचा तोल सांभाळणं ओएलईडीला जड जातं, आणि तो हिशेब सॉफ्टवेअर करतं. त्यामुळे ‘अपडेटनंतर झालं’ ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही, पण तिने दोष नेमका कुठला हेही ठरत नाही.

इथेच स्क्रीनशॉटची युक्ती दगा देते. आयफोनवर रात्री पडदा पिवळसर करणारं नाइट शिफ्ट २०१६ च्या मार्चमध्ये आलं आणि भोवतालच्या उजेडाप्रमाणे रंग बदलणारं ट्रू टोन २०१७ मध्ये; अँड्रॉइडवरही ‘डोळ्यांना आराम’ नावाचे प्रकार आहेत. हे पिवळेपण बहुतेक फोनांत चित्र पडद्याकडे जाताना शेवटच्या टप्प्यावर मिसळलं जातं, म्हणून ते स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. आईने एकदा फोन दाखवला, “अरे, हा पिवळा पडलाय बघ, कावीळ झाल्यासारखा.” स्क्रीनशॉट स्वच्छ होता. मी नवीन डिस्प्लेच्या किमती बघायला लागलो, आणि तेवढ्यात तिनेच वरची पट्टी ओढून चंद्राचं चित्र दाखवलं: “हे काय आहे?” अशा वेळी फोन बंद करून चालू करावा. सुरू होताना कंपनीचा लोगो येतो तेव्हा या सेटिंगा अजून लागलेल्या नसतात. लोगोवरही डाग दिसला तर तो पडद्याचाच. सॅमसंगच्या फोनवर डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबलं की लाल, हिरवा, निळा असे कोरे रंग भरणारी तपासणी उघडते. त्यांच्या बहुतेक फोनांवर ती चालते. कॉम्बो बदलून आणल्यावर मात्र आधी काळं चित्र लावून अंधारात बघावं. काळा करडा दिसला तर ओएलईडीच्या जागी ‘इनसेल’ म्हणजे स्वस्त एलसीडी बसवली आहे.

पैशांचा वाद पडद्यापुरता नव्हताच. फोनमध्ये पाणी शिरलं की लाल होणारं स्टिकर दमट हवेनेही लाल होतं, या तक्रारीवरच्या खटल्यात ॲपलने २०१३ मध्ये अमेरिकेत ५ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. भारतात हिरव्या रेघेवरूनही आवाज इतका वाढला की कंपन्यांना वाकावं लागलं. वनप्लसने २०२३ मध्ये इथल्या काही जुन्या मॉडेलांच्या पडद्यांना आजीवन वॉरंटी दिली, २०२४ च्या डिसेंबरमध्ये तिचा विस्तार केला, आणि नव्या पडद्यांच्या कडा जास्त पक्क्या केल्याचंही सांगितलं. त्यांच्या चाचणीतली एक अट ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता. सॅमसंगनेही २०२४ मध्ये काही जुन्या गॅलॅक्सींना मर्यादित काळासाठी पडदा मोफत बदलून दिला.

माझा फोन या कुठल्याच यादीत बसला नाही. कोपऱ्यावरच्या पोच्याची नोंद ‘फिजिकल डॅमेज’ अशी झाली. बुधवार पेठेतल्या कारागिराला हे सांगितलं तर तो म्हणाला, “एक लाइन आहे तोवर वापरा. दुसरी आली की या.” सव्वा महिन्याने तिच्या उजवीकडे, बोटभर अंतरावर, गुलाबी आली.