सीव्ह स्क्रिप्ट : संपादन व व्यवस्थापन

सीव्ह : आलेल्या ई-मेलची छाननी सर्व्हरवरच, पत्र पेटीत पडण्याच्या क्षणी करणारी एक लहान भाषा. नावाचा अर्थ चाळणी. संगणकावरच्या किंवा फोनवरच्या मेल-प्रोग्रॅममध्ये नियम लावले, तर तो प्रोग्रॅम चालू असेपर्यंतच ते लागू पडतात. सीव्हचे नियम सर्व्हरवर राहतात, त्यामुळे लॅपटॉप मिटलेला असला तरी पत्रे आपापल्या फोल्डरात जातात. हे नियम ज्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितात तिला सीव्ह स्क्रिप्ट म्हणतात. ती टेक्स्ट एडिटरमधून लिहिणे, सर्व्हरवर चढवणे आणि चालू-बंद करणे हा प्रस्तुत नोंदीचा मुख्य विषय आहे.

भाषा मुद्दाम दुबळी ठेवलेली आहे. पत्र इनबॉक्समध्ये ठेवणे (कीप), ठरावीक फोल्डरात टाकणे (फाइलइंटू), दुसऱ्या पत्त्यावर वळवणे (रीडायरेक्ट) आणि टाकून देणे (डिस्कार्ड) या मूळ कृती. जोडीला ‘जर-तर’च्या अटी. मूळ भाषेत पुनरावर्तन (लूप) नाही, फलने (फंक्शन) नाहीत, चलेही (व्हेरिएबल) नाहीत. चले पुढे विस्तार म्हणून आली. कोणत्याही नियमाने पत्राची विल्हेवाट लावली नाही, तर ते आपोआप इनबॉक्समध्ये राहते. स्क्रिप्ट चालताना चूक झाली तरी हेच होते. हजारो लोकांच्या पेट्या सांभाळणाऱ्या सर्व्हरवर परक्याने लिहिलेला मजकूर चालवायचा, तर तो कायमचा अडकून बसणार नाही याची हमी हवी. दुबळेपणामागचे कारण ते आहे.

याआधी युनिक्स यंत्रांवर प्रोकमेलचा प्रघात होता (स्टीफन व्हॅन डेन बर्ग, १९९०). प्रोकमेलची नियमफाइल वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत असे आणि तिच्यातून वाटेल तो प्रोग्रॅम चालवता येई. म्हणजे तिच्या संपादनाचा प्रश्नच नव्हता. यंत्रावर लॉगिन करायचे, एडिटर उघडायचा, फाइल साठवायची. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सायरस मेल सर्व्हरने ही सोय मोडली. सायरस हा ‘बंद’ सर्व्हर आहे. वापरकर्त्याची तिथे पेटी असते, पण यंत्रावर त्याचे खाते असण्याची गरज नसते. ज्या यंत्रात शिरताच येत नाही, तिथली फाइल बदलायची कशी, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

सीव्हचे जन्मवर्ष २००१ देण्याची पद्धत आहे. टिम शोवॉल्टर यांनी लिहिलेला आरएफसी ३०२८ हा दस्तऐवज (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती ठरवणाऱ्या क्रमांकित दस्तऐवजांची मालिका) त्या वर्षीच्या जानेवारीत प्रसिद्ध झाला, म्हणून हे वर्ष सोयीचे पडते. मात्र ते दस्तऐवजाचे वर्ष आहे, भाषेचे नव्हे. भाषा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात चर्चेत होती आणि सायरसमध्ये तिचा वापर दस्तऐवजाआधीच सुरू झालेला दिसतो. सायरसबरोबर येणाऱ्या, स्क्रिप्ट स्वीकारणाऱ्या ‘टिमसीव्हडी’ या प्रोग्रॅमच्या मूळ फाइलीवर टिम मार्टिन यांचे नाव आणि सप्टेंबर १९९९ मधील तारीख आढळते. स्क्रिप्ट स्वीकारणारा प्रोग्रॅम असेल तर चालवणारा त्याच सुमाराचा असणार, असे अनुमान केल्यास व्यावहारिक आरंभ १९९९ किंवा त्याच्या थोडा आधी धरावा लागतो. प्रस्तुत लेखकाला हे अधिक ग्राह्य वाटते. प्रोग्रॅमच्या नावातला ‘टिम’ भाषेचा जनक शोवॉल्टर की मार्टिन, असाही प्रश्न निघतो. फाइलीवरील नाव पाहता मार्टिन अधिक संभवनीय. भाषेची सुधारित आवृत्ती आरएफसी ५२२८ (जानेवारी २००८) ही फिलिप गुंथर व शोवॉल्टर यांनी संपादित केली. हल्ली तिचाच आधार घेतला जातो.

स्क्रिप्ट दुरून हाताळण्याच्या पद्धतीला मॅनेजसीव्ह म्हणतात. ती मार्टिन यांच्या कामातून वाढली आणि जवळपास दशकभर मसुद्याच्या अवस्थेतच वापरात राहिली. अलेक्सी मेलनिकोव्ह व टिम मार्टिन यांच्या नावे आरएफसी ५८०४ निघाला तो जुलै २०१० मध्ये. मधल्या काळातला एक घोळ अजूनही पूर्ण निस्तरलेला नाही. सायरसने या कामासाठी २००० क्रमांकाचे पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचे क्रमांकित दार) वापरले होते. तो क्रमांक सिस्कोच्या दूरध्वनी-संकेतनासाठी नोंदलेला होता. परिणामी पोर्ट २००० वरची रहदारी दूरध्वनीची समजून तपासणाऱ्या फायरवॉल मॅनेजसीव्हचे संभाषण मध्येच तोडत, आणि वापरकर्त्याला पासवर्ड चुकल्याची शंका येई. आरएफसी ५८०४ ने ४१९० हे स्वतंत्र पोर्ट दिले. जुन्या मार्गदर्शिकांत व जुन्या सेटिंगमध्ये २००० अजून भेटतो. जोडणी होत नसेल तर प्रथम हा आकडा पाहावा.

मॅनेजसीव्हमधील आज्ञा थोड्या आहेत. लिस्टस्क्रिप्ट्स यादी देते, गेटस्क्रिप्ट मजकूर आणते, पुटस्क्रिप्ट चढवते, डिलीटस्क्रिप्ट काढते. सेटअॅक्टिव्ह एखादी स्क्रिप्ट चालू करते आणि नावाच्या जागी रिकामी अवतरणचिन्हे दिली तर सगळी छाननी बंद करते. एका खात्यात स्क्रिप्ट कितीही असोत, चालू एकच असते. चालू स्क्रिप्ट काढायला गेल्यास सर्व्हर नकार देतो. पुटस्क्रिप्टच्या वेळी सर्व्हर व्याकरण तपासतो आणि चूक असल्यास मजकूर घेतच नाही, त्यामुळे जुनी स्क्रिप्ट शाबूत राहते. मजकूर न ठेवता नुसता तपासून देणारी चेकस्क्रिप्ट आणि नाव बदलणारी रीनेमस्क्रिप्ट या आज्ञा मात्र प्रमाणित आवृत्तीच्या आहेत, प्रत्येक जुन्या सर्व्हरवर त्या मिळतीलच असे नाही. चढवणे व चालू करणे या दोन वेगळ्या कृती आहेत हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. नियम लिहिला, चढवला, सर्व्हरने ‘ओके’ म्हटले, आणि पत्रे तरीही इनबॉक्समध्येच, ही तक्रार बहुधा तिथून उद्भवते. उलट बाजूही लक्षात ठेवावी. आधीच चालू असलेल्या नावावर नवा मजकूर चढवला, तर तो लगेच लागू होतो.

टेक्स्ट एडिटरमधून हे सर्व करण्याचे सर्वांत जुने व अजून नांदते उदाहरण म्हणजे ईमॅक्स. सायमन योसेफसन यांनी २००१ च्या सुमारास ग्नुस या मेल-वाचकाच्या बरोबरीने त्याची जुळणी लिहिली. तिचे दोन भाग आहेत. एक, सीव्ह-मोड, म्हणजे मजकुराला रंग व मांडणी. दोन, सीव्ह-मॅनेज, म्हणजे सर्व्हरशी बोलणे. ‘एम-एक्स सीव्ह-मॅनेज’ ही आज्ञा देऊन सर्व्हरचे नाव सांगितले की एका बफरमध्ये (ईमॅक्सच्या मजकूर-पानावर) स्क्रिप्टांची यादी उमटते. नव्या स्क्रिप्टसाठी वेगळी ओळ असते. ओळीवर एंटर दाबले की मजकूर उघडतो, ‘एम’ने स्क्रिप्ट चालू होते, ‘यू’ने बंद, ‘आर’ने नाहीशी. संपादन झाल्यावर कंट्रोल-सी कंट्रोल-एल दाबले की मजकूर सर्व्हरवर जातो. डिस्कवर फाइल करावीच लागत नाही. ही सोय आहे तसा धोकाही आहे, कारण मग घरी प्रत उरत नाही. विम या एडिटरसोबत सीव्हच्या रंगसंगतीची फाइल येते, सर्व्हरशी बोलण्यासाठी मात्र सीव्ह-कनेक्टसारखा पर्लमधला प्रोग्रॅम किंवा सायरसचा सीव्हशेल जोडीला घ्यावा लागतो.

मराठी वापरकर्त्याला अडवणारी जागा पुटस्क्रिप्टमध्ये आहे. मजकूर पाठवण्यापूर्वी एडिटरने तो किती लांब आहे हे सांगायचे असते, आणि ही लांबी अक्षरांत नव्हे, बाइटांत मोजायची असते. उदाहरणार्थ, पत्र ‘सुट्टी’ नावाच्या फोल्डरात टाकण्याची ओळ घेऊ. फाइलइंटू हा शब्द रोमनमध्ये आठ अक्षरी, त्यानंतर एक मोकळी जागा, अवतरणचिन्ह, ‘सुट्टी’, पुन्हा अवतरणचिन्ह, शेवटी अर्धविराम. सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या हिशेबाने ‘सुट्टी’त सहा चिन्हे आहेत : स, उकार, ट, हलन्त, ट, ईकार. सगळी ओळ १८ चिन्हांची होते. पण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ती चिन्हे बाइटांत साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून ओळ भरते ३० बाइट. एडिटरने १८ सांगून ३० पाठवले, तर सर्व्हर पहिले १८ बाइट स्क्रिप्ट म्हणून घेतो. त्यात ‘सु’ पुरा येतो आणि ‘ट’चे तीनपैकी दोनच बाइट. उरलेले १२ बाइट पुढची आज्ञा समजून तो वाचू लागतो आणि संभाषण फिसकटते. ईमॅक्सच्या जुन्या आवृत्त्यांत रोमनेतर मजकुराच्या बाबतीत असा दोष होता, अलीकडे तो दूर झाला आहे. रोमन मजकुरात चिन्हे व बाइट सारखेच भरतात, त्यामुळे इंग्रजीत लिहिणाऱ्यांना हा दोष वर्षानुवर्षे दिसलाच नसावा.

दुसरी अडचण एडिटरची नाही, लिपीची आहे. सीव्हमधली प्राथमिक तुलना बाइटागणिक होते, फार तर रोमनमधली लहान-मोठी अक्षरे सारखी धरली जातात. देवनागरीला हा भेद नाही, तेवढा प्रश्न सुटला. पण ‘दुसऱ्या सत्राचा निकाल’ अशा विषयाच्या पत्रांसाठी नियम लिहिला, तर ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकलेला असू शकतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह असते. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि जोडणारे अदृश्य चिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच, सर्व्हरला नाहीत. युनिकोडही या दोहोंना समतुल्य मानत नाही. पाठवणाऱ्याचा कीबोर्ड आपल्या हाती नसतो, म्हणून अटीतल्या चौकटी कंसात दोन्ही रूपे शेजारीशेजारी लिहावीत, किंवा ‘सत्राचा निकाल’ एवढ्यावरच भागवावे.

जिथे यंत्रावर लॉगिन मिळते तिथे फाइल थेट उघडण्याचा मोह होतो. डव्हकॉट या सर्व्हरवर सीव्हचे काम स्टीफन बॉश यांचे पिजनहोल पाहते. तिथे प्रचलित मांडणीत होम डिरेक्टरीतील ‘डॉट-डव्हकॉट-डॉट-सीव्ह’ हा चालू स्क्रिप्टकडे बोट दाखवणारा दुवा असतो आणि स्क्रिप्टा वेगळ्या डिरेक्टरीत. फाइल बदलली की पुढचे पत्र येताना तिचे नव्याने संकलन (सर्व्हरला चालवता येईल अशा रूपात रूपांतर) होते. म्हणजे अर्धविराम राहिला असेल तर ते त्या पत्राच्या वेळी कळणार, तेही लॉग फाइलीत. पत्र हरवत नाही, इनबॉक्समध्ये पडते, पण छाननी थांबलेली असते. हे टाळण्यासाठी सीव्हसी हा संकलक आधी चालवावा. सीव्ह-टेस्टला एखादे जुने पत्र दिले, तर प्रत्यक्ष काही न हलवता काय झाले असते ते दिसते. तरीही मॅनेजसीव्हची वाट सरस म्हणावी लागते, कारण तपासल्याशिवाय मजकूर आत जाऊच शकत नाही.

एकच स्क्रिप्ट एडिटर आणि वेबमेल या दोन्हींतून हाताळणे त्रासाचे ठरते. राउंडक्यूब या वेबमेलची सीव्ह-जोडणी प्रत्येक नियमाच्या डोक्यावर त्याचे नाव शेऱ्याच्या रूपात लिहिते, त्यावरून ती नियम ओळखते, आणि साठवताना स्क्रिप्ट आपल्या पद्धतीने पुन्हा मांडते. हाताने घातलेले शेरे व मांडणी त्यात टिकेलच असे नाही. फास्टमेल व प्रोटॉन मेल या सेवा सीव्ह वापरू देतात, जीमेल आपल्याच गाळण्या देते. स्क्रिप्ट हाताळण्याची नवी पद्धत जेमॅपवर (वेब-जोडणीतून मेल हाताळण्याच्या पद्धतीवर) बेतलेली असून ती आरएफसी ९६६१ (सप्टेंबर २०२४) मध्ये आली आहे. तिच्यात वेगळे पोर्ट लागत नाही, नेहमीच्या वेब-जोडणीतूनच काम होते.