निमंत्रणातला एक शब्द : थोडी पार्श्वभूमी

येत्या रविवारी ठाण्यात नौपाड्यात काकांच्या आठवणींसाठी जमायचं ठरलं आहे. निमंत्रणाचा मजकूर ग्रुपवर आला तेव्हा ‘कुटुंबवत्सल’ या शब्दाला कुणी हरकत घेतली नाही. ‘ज्येष्ठ वास्तुविशारद’वरून मात्र तीन दिवस जुंपली. कॉलेजची पदवी नसलेल्या माणसाला असं म्हणावं का, हा मुद्दा. वाद घालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा जन्म त्या काळानंतरचा, म्हणून हे टिपण.

१८५३ची रेल्वे, १८६३ची नगरपालिका हे ठाणेकरांना पाठ आहे. काकांचा संबंध येतो तो साठच्या दशकापासून. वागळे इस्टेटीत कारखाने उभे राहिले, पगारदार माणसं आली आणि नौपाडा-पाचपाखाडीत कौलारू घरांच्या जागी तळमजला अधिक दोन-तीन मजल्यांच्या इमारती येऊ लागल्या. लोड-बेअरिंग, म्हणजे इमारतीचं वजन पेलणाऱ्या भिंती, मोझेक टाइल्स, कडाप्प्याचा ओटा, लिफ्ट नाही. १९६३मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला आणि भाडेकरू ‘ब्लॉकवाले’ झाले. या इमारतींचे नकाशे काढणाऱ्यांत पदवीधर होते, तसे मुंबईत फोर्टातल्या कचेऱ्यांत ड्राफ्ट्समन (नकाशे आखणारे) म्हणून हात बसवून आलेलेही होते. काका दुसऱ्या गटातले. चराईतल्या दोन खोल्यांत बाहेरच्या खोलीत ड्रॉइंग बोर्ड आणि आत संसार.

आता तो शब्द. १९७२पर्यंत आपल्या देशात कुणीही दारावर ‘आर्किटेक्ट’ अशी पाटी लावू शकत होता. त्या वर्षी केंद्राचा कायदा आला आणि नोंदणी सुरू झाली. पहिल्या नोंदवहीत नाव लागायला दोन वाटा होत्या. एक, मान्यताप्राप्त शिक्षण. दुसरी, शिक्षण नसेल तर ठरलेल्या तारखेआधी किमान पाच वर्षं हाच व्यवसाय केल्याचा पुरावा. काकांनी मंजूर नकाशांची चळत बांधली आणि दुसऱ्या वाटेने गेले. पुढे पदवीधरांच्या बैठकीत याला ‘मागचं दार’ म्हणायची पद्धत पडली. मला ते पटत नाही. ज्या कायद्याने पदवीला मान दिला त्याच कायद्यात हेही कलम लिहिलेलं आहे. त्यांच्या शिक्क्यावर ‘सीए/७५’ने सुरू होणारा क्रमांक होता. बँकेतला एक कारकून त्यांना बरीच वर्षं चार्टर्ड अकाउंटंट समजून आयकराचे प्रश्न विचारत असे.

२०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याचा अर्थ लावला. कायदा नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावायला बंदी करतो, इमारतीचा आराखडा काढायला नाही. म्हणजे काम दुसऱ्या कुणीही केलं तरी चालेल, पण बिरुद नोंदणी असलेल्याचंच. आता ग्रुपवरच्या वादाकडे बघा. पदवी नसलेल्या काकांकडे नेमकं बिरुदच होतं, तेही कायदेशीर.

मराठी शब्दाने घोळ वाढवला हे मात्र खरं. वास्तुविशारद, वास्तुरचनाकार, वास्तुतज्ज्ञ हे सगळे शब्द एकाच पोत्यात. पुढे वास्तुशास्त्राचं पेव फुटलं तसे लोक काकांकडे दिशा विचारायला येऊ लागले. ओटा आग्नेयेला हवा का? ते म्हणत, “वारा कुठून येतो ते आधी बघा. फोडणीचा ठसका शेजारणीला लागायला नको.”

त्यांचा खरा हट्ट रेतीचा होता. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे. नियंत्रण थोडं सैल झालं ते १९८२मध्ये, ज्या वर्षी ठाण्याची महापालिका झाली. रेती मात्र खाडीची, हाकेच्या अंतरावर, स्वस्त आणि खारट. मीठ राहिलं की सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. काका साइटवर चिमूटभर रेती जिभेवर ठेवत, थुंकत आणि “पुन्हा धुवा” म्हणत. कंत्राटदार वैतागत. दोघांनी त्यांचं काम सोडलं, एकाने बिल बुडवलं.

कुटुंबवत्सलपणावर वाद नाही, म्हणून एकच गोष्ट सांगतो. जुन्या काळी पक्के नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर काढत. ते खळ दिलेलं तलम सुती कापड. काम संपलेले नकाशे काकू गरम पाण्यात भिजत घालत. खळ आणि शाई निघून गेली की मलमलीसारखं मऊ कापड हाती येई. त्यांच्या दोन्ही मुलींची झबली त्याच कापडाची. धाकटीच्या एका झबल्यावर जिन्याची पुसट रेघ राहिली होती, पायऱ्या मोजता येत.

अलीकडचा भाग जाणत्यांना माहीत आहे. डिसेंबर २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनंतर जिकडेतिकडे पुनर्विकासाच्या बैठका सुरू झाल्या. काकांनी स्वतः आखलेल्या, पुढे स्वतः राहायला आलेल्या सोसायटीतही झाल्या. तिथे त्यांनी विरोध केला असं पसरवलं गेलं, ते चूक आहे. ऐंशी ओलांडलेला हा माणूस नातवाला फितीचं दुसरं टोक धरायला लावून गल्ली मोजत होता. कुंपणापासून कुंपणापर्यंत नऊ मीटर भरत नव्हते, आणि नऊ मीटरचा रस्ता नसेल तर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेऊन वापरायचा बांधकामाचा हक्क, मिळत नाही. बिल्डरने दाखवलेले वाढीव फूट येणार कुठून, एवढंच त्यांनी सभेत विचारलं. उत्तर मिळायला दीड वर्ष गेलं. अखेर चटईक्षेत्र कमी करून करार झाला, तेव्हा पहिल्या पाच सह्यांत त्यांची होती.

इमारत पाडली त्या दिवशी ते बघायला गेले नाहीत. काका-काकू मानपाड्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. काका गेले ते तिथेच.

निमंत्रणात ‘वास्तुविशारद’ राहिला, खाली नोंदणी क्रमांकही घातला. छापायला देण्याआधी मजकूर काकूंना वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. नावाखाली मानपाड्याचा पत्ता आला होता, तो काढून नौपाड्यातला, जुन्या इमारतीच्या नावाचा घालायला लावला.