घड्याळातल्या कॅलरी : एक खुलासा
फुटाळ्याला तासभर चालून आल्यावर मनगटावरच्या घड्याळात ३०० कॅलरी दिसल्या की तेवढ्या हिशेबाने तर्री-पोहे खायला हरकत नाही, हा नागपुरात चांगलाच रुळलेला समज चुकीचा आहे. घड्याळ कॅलरी मोजत नाही, नाडीचे ठोके, हालचाल आणि आपण भरलेले वय-वजन (तेही बहुधा जुने!) यांवरून ते अंदाज बांधते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ६० स्वयंसेवकांवर सात उपकरणे तपासली होती. त्यांपैकी सहा उपकरणांची ठोक्यांमधील चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. आपल्याकडच्या मे महिन्यात तर घोटाळा आणखी वाढू शकतो, कारण शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त पाठवताना हृदय जलद धडधडते आणि त्या प्रमाणात ऊर्जा खर्च होत नसतानाही ठोक्यांवर विसंबणारे गणित आकडा फुगवते. शिवाय ७० किलो वजनाच्या माणसाच्या तासाला सुमारे ७० कॅलरी नुसते बसूनही खर्च होतात, आणि काही ॲप त्याही व्यायामाच्या एकूण आकड्यात धरतात.