मुदत वेगळी, मुहूर्त वेगळा

कामांच्या यादीत एखाद्या कामापुढे तारीख दिसली की मी विचारतो, "ही कसली तारीख?" उत्तर ठरलेलं असतं: "करायची." म्हणजे त्या दिवशी करायला बसणार, की त्या दिवसाच्या आत ते संपलेलं हवं? "एकच ना ते!" एकच नाही. आणि यादी चालत नाही म्हणून दर दोन महिन्यांनी नवं ॲप शोधणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं ॲपमध्ये नसून या "एकच ना"मध्ये असतं, असं माझं मत आहे.

मुदत म्हणजे काय ते सांगत बसत नाही. फी भरायची शेवटची तारीख, अहवाल द्यायचा शुक्रवार. ती बहुतेक वेळा बाहेरून आलेली असते आणि ती उलटली की काहीतरी बिघडतं. दुसऱ्या तारखेला मी मुहूर्त म्हणतो. शुभ-अशुभाचा इथे संबंध नाही. "या कामाला मुहूर्तच लागेना" म्हणतो तेव्हा जो अर्थ असतो तोच. काम हातात घ्यायचा दिवस. तो आपणच ठरवतो आणि आपणच मोडतो.

आता घोळ कसा होतो ते बघा. अहवाल शुक्रवारी द्यायचा आहे, म्हणून यादीत तारीख टाकली शुक्रवार. सोमवारी यादी उघडली: 'आज'मध्ये अहवाल नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. यादी गप्प, म्हणून आपणही निवांत. शुक्रवारी सकाळी तो उगवतो, तेव्हा हातात एक दिवस आणि काम तीन दिवसांचं. यादीने तिला सांगितलं तेच केलं. तिला मुदत सांगितली होती, मुहूर्त सांगितलाच नव्हता.

हा चटका एकदा बसला की माणूस उलटं टोक गाठतो. पुढच्या अहवालाला तारीख टाकतो मंगळवार, म्हणजे वेळेत सुरू होईल. मंगळवारी दुसरंच काहीतरी उपटतं. बुधवारी अहवाल लाल होऊन बसतो: 'मुदत उलटली'. कुणाची उलटली? खरी मुदत अजून दोन दिवस लांब आहे. अशी पाच-सात कामं लाल झाली की डोळ्यांना लाल रंगाची सवय होते, आणि मग खरोखर उलटलेली फी त्याच लाल गर्दीत शांतपणे पडून राहते. लांडगा आला रे आला. माझ्या यादीत एके काळी इतकं लाल होतं की मी ॲपच उघडायचं सोडलं होतं, आणि बुडालं ते नेमकं खऱ्या मुदतीचं काम.

"स्वतःलाच दोन दिवस आधीची मुदत द्या" हा सल्ला मला म्हणूनच सोसत नाही. ती मुदत खोटी आहे हे ज्याला फसवायचं त्याला आधीच ठाऊक असतं.

ओळखायची कसोटी सोपी आहे. ही तारीख पुढे ढकलायची तर कुणाची परवानगी किंवा माफी मागावी लागेल? किंवा ती उलटली तर एखादं दार बंद होईल? उत्तर हो असेल तर मुदत. नुसती मनाला टोचणी लागणार असेल तर मुहूर्त.

हा भेद माझा शोध नाही. कॅलेंडरची माहिती एका प्रणालीतून दुसरीत नेण्यासाठी जे आयकॅलेंडर मानक १९९८ मध्ये आलं, त्यातच कामाच्या नोंदीला सुरू करायची तारीख आणि मुदत असे दोन वेगळे रकाने होते. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केलेल्या ऑर्ग-मोड या नोंदी आणि कामं सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये तर दोन्ही तारखा वागतातही वेगळ्या. मुदत मुळातल्या मांडणीप्रमाणे १४ दिवस आधीपासून दिसू लागते. मुहूर्त त्या दिवशी उगवतो आणि काम होईपर्यंत रोज पुढच्या दिवसावर सरकत राहतो. थिंग्ज या ॲपमध्येही 'केव्हा' आणि 'मुदत' वेगवेगळे आहेत. साध्या ॲपांत मात्र बहुधा तारखेचा एकच रकाना असतो, आणि त्यात काय भरायचं हे कुणी सांगत नाही.

एकच रकाना असेल तर माझं मत ठाम आहे: त्यात मुहूर्त भरा, मुदत कामाच्या नावातच लिहा. 'अहवाल, शुक्रवारपर्यंत' असं नाव आणि तारीख मंगळवार. मंगळवारी तो समोर येतो, हुकला तर बुधवारवर सरकवायचा, आणि सरकवताना नावातला शुक्रवार दर वेळी डोळ्यांसमोरून जातो. अगदीच चुकवून चालणार नाही अशी मुदत असेल तर ती कॅलेंडरवरही टाका. कॅलेंडरवर मुहूर्त मात्र नकोत. तिथल्या नोंदींवर विश्वास उरला पाहिजे.

वहीवाल्यांनी हसू नये. तारखांची डायरी वापरता ना? तिच्यात पान हाच मुहूर्त असतो. शुक्रवारची मुदत शुक्रवारच्या पानावर लिहिलीत तर घोळ तोच, फक्त कागदावर. काम मंगळवारच्या पानावर लिहा आणि मुदत समासात, गोल करून.

मुहूर्त किती आधीचा धरायचा? वाटतं त्याहून आधीचा. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील ते विचारलं होतं. सरासरी अंदाज ३३.९ दिवस. सगळंच बिनसलं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही कमीच पडला. मुदतीवरून मागे मोजताना मी आधी प्रामाणिक अंदाज करतो आणि मग तो दीडपट करतो. त्यात शास्त्र फारसं नाही, अनुभव आहे.

मुहूर्त काढण्याचा आणखी एक फायदा. मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत असं दिसलं, की अपुरं राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत आखला की काम न होताही ते घोळणं थांबतं. मुदत लिहून हे साधत नाही. मुदत कामाचा शेवट सांगते, आपण त्याला कधी भिडणार ते सांगत नाही.

तोच मुहूर्त चौथ्यांदा सरकवावा लागला तर मात्र थांबा. काम फार मोठं आहे, किंवा खरं तर करायचंच नाही. वहीत हे लवकर कळतं: रायडर कॅरल यांच्या बुलेट जर्नल पद्धतीत राहिलेलं काम पुढच्या पानावर हाताने पुन्हा उतरवावं लागतं, आणि तिसऱ्यांदा उतरवताना हातच विचारतो, कशाला? ॲपमध्ये बोटाने सरकवणं इतकं सोपं असतं की हा प्रश्न पडतच नाही.

बाकीचे फरक किरकोळ. गजर म्हणजे मुदतही नाही आणि मुहूर्तही नाही, ती फक्त घंटा. प्राधान्याचे रंग हवे तर लावा. मी लावत नाही.

पुन्हापुन्हा येणाऱ्या कामांत मात्र हाच घोळ वेष पालटून येतो. भाडं दर १ तारखेला द्यायचं: ही मुदत, आधीचं उशिरा दिलं तरी पुढची १ तारीख हलत नाही. पाण्याचा फिल्टर तीन महिन्यांनी बदलायचा: हा मुहूर्त, मागच्या वेळी बदलला तिथून मोजायचा. टूडुइस्ट या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये यासाठी 'एव्हरी' आणि 'एव्हरी!' अशी दोन रूपं आहेत. उद्गारचिन्ह लावलं की पुढची तारीख काम पुरं झाल्यापासून मोजली जाते. ते चिन्ह विसरलं की उशिरा, अगदी परवाच बदललेला फिल्टर ॲप आठवड्याने पुन्हा बदलायला सांगतं.

आणि कल्पना? "कधीतरी ब्लॉग सुरू करावा" याला मुदत नाही, मुहूर्तही नाही. तरी लोक त्याला महिनाअखेरची तारीख चिकटवतात, आणि दर महिनाअखेरीला तो ब्लॉग फिल्टरशेजारी लाल होतो. कल्पनांचं पान वेगळं ठेवा, बिनतारखेचं. रविवारी चाळा. एखादीला मुहूर्त द्यावासा वाटला तर ती यादीत जाईल, बाकीच्या पडू देत.