लेथ पाणसळीत नसलं तरी चालतं, बेडला पीळ चालत नाही

‘लेथ (धातू फिरवत ठेवून कापायचं यंत्र) पाणसळीत नसेल तर जॉब, म्हणजे कापला जाणारा तुकडा, सरळ निघत नाही’ हे वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. हेलकावे खाणाऱ्या जहाजांवरही लेथ असतात आणि त्यांवर काम होतं. अचूकता बिघडते ती बेडला (ज्यावर हत्यार सरकतं त्या लांब पायाला) पीळ पडल्यामुळे. पाणसळ हे तो पीळ शोधायचं फक्त एक साधन.

बंदूक दुरुस्तीचं छोटं दुकान असेल आणि बजेट तोकडं, तर महागडी पाणसळ घेण्याआधी पीळ तपासायला हे करा. जाड सळई चकमध्ये (जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीत) धरा, टेलस्टॉकचा (दुसऱ्या टोकाच्या आधाराचा) आधार देऊ नका. दोन्ही टोकांजवळ एकेक कॉलर (जाड कडं) ठेवून मधला भाग कापून बारीक करा. क्रॉस स्लाइड (हत्यार आतबाहेर नेणारा भाग) न हलवता दोन्ही कॉलरवर अगदी हलका कट घ्या, मायक्रोमीटरने व्यास मोजा. चकपासून लांबची कॉलर मोठी आली, तर टेलस्टॉकच्या टोकाला, कारागिराच्या बाजूच्या पायाखाली पातळ शिम (धातूची पट्टी) घाला, बोल्ट आवळा, पुन्हा कट घ्या.

टेपर मारतं, म्हणजे जॉब एका टोकाला जाड निघतो, म्हणून स्वस्तात मिळणारं जुनं मशीन लगेच नाकारू नका. कित्येकदा दोष केवळ बसवण्यात असतो. चकजवळ बेडच झिजला असेल, तर मात्र शिमने काही साधत नाही.