गाडी टाइट केली की पळते असं कोण म्हणालं?

माझा पुतण्या बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, सीएनसीवर (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या कटिंग मशीनवर) आहे, त्यामुळे त्याच्या डोक्यात एकच बसलंय, ढिल्लं म्हणजे खराब आणि टाइट म्हणजे चांगलं. मशीनवर ते खरंच आहे म्हणा. पण घरी आला की स्टिअरिंग लावून हा कॉम्प्युटरवर जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर, नॉर्डश्लायफवर, गाडी पळवत बसतो आणि तिथं हाच हिशेब त्याला आठवडाभर नडला. स्प्रिंगा पार कडक, गाडी जमिनीला घासेल इतकी खाली, मागचा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, वळणात गाडी कलू न देणारी सळई) सगळ्यात कडक नंबरला, आणि दर दुसऱ्या राउंडला गाडी उलटं तोंड करून गवतात. "काका, गेमच बोगस आहे बघा."

गेम बोगस नाही रे बाबा, रस्ताच तसा आहे. १९२७ ला सुरू झालेला, एक राउंड २०.८ किलोमीटरचा, सत्तरच्या वर वळणं, सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालच्या जागेत साधारण ३०० मीटरचा फरक. आपण जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाट उतरतो, तसला प्रकार, फक्त दुप्पट-तिप्पट स्पीडनं. १९७६ ला फॉर्म्युला वनच्या रेसर निकी लाउडाचा तो भयानक अपघात इथलाच, त्यानंतर फॉर्म्युला वन या जुन्या रस्त्यावर परत आली नाही. आणि असेटो कोर्सासारख्या गेममध्ये हा रस्ता लेझरनं स्कॅन करून घातलाय, म्हणजे डांबराचे उंचवटे पण खरेच, कुणी मनानं काढलेले नाहीत.

आता मुद्द्याचं. गाडी कितीही भारी असू दे, रस्त्याला टेकतं ते प्रत्येक टायरचं तळहाताएवढं रबर, बास. सगळी ग्रिप त्या चार तळहातांची. आणि रबराची एक खोड आहे, भार दुप्पट केला तर ग्रिप दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. समजा दोन टायरवर प्रत्येकी ३०० किलो भार आहे आणि दोन्ही मिळून ६०० किलोची पकड देतात. वळणात भार बाहेरच्या चाकावर सरकला, बाहेर ५०० आणि आत १००. बाहेरचा ५०० ऐवजी ४५० च देणार, आतला फार तर १०५, झाले ५५५. भार तेवढाच, पकड गेली. (आकडे समजण्यापुरते आहेत हां, टायरप्रमाणे बदलतात.)

उसाची बैलगाडी भरताना ज्यानं बघितलंय त्याला हे लगेच कळेल. मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होते, पुढं भरलं की सगळा भार बैलांच्या मानेवर. ऊस तेवढाच, जागा बदलली. तसंच वळणात एकूण किती भार बाहेर सरकणार हे गाडीचं वजन किती, त्या वजनाचा मध्य किती उंच, डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती आणि वळण किती जोरात घेतलं यावरच ठरतं, स्प्रिंगा न् बार कडक करून ते कमी करता येत नाही. तिथं पाना फिरवून फक्त एवढंच ठरतं की त्यातला जास्त वाटा पुढच्या जोडीनं उचलायचा का मागच्या. जी बाजू कडक, ती जास्त उचलणार आणि तिचीच ग्रिप आधी संपणार. पुतण्यानं मागचा बार कडक केला म्हणजे मागचीच ग्रिप आपल्या हातानं घालवली, मग शेपूट फिरणार नाही तर काय होणार.

दुसरं म्हणजे उंचवटे. फ्लुगप्लाट्झ नावाची एक जागा आहे, अर्थच विमानतळ, तिथं गाडी खरंच हलकी होते. साधा हिशेब आहे, ताशी १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर, त्याचा वर्ग २५००, आणि चढाचा गोलवा २५० मीटर त्रिज्येचा धरला तर भागाकार १० येतो, गुरुत्वाकर्षणाएवढाच. म्हणजे तेवढ्या क्षणाला टायरवर वजन जवळजवळ शून्य, तिथं स्टिअरिंग वाकडं असेल तर खाली टेकल्यावर जे व्हायचं ते होतंच. कडक स्प्रिंग असली की चाक रस्त्याच्या मागं जात नाही, हवेत राहतं. शॉकअपचं पण तसंच, परत उघडताना तो फार घट्ट असेल तर चाक खड्ड्यात उतरायच्या आधीच खड्डा संपलेला असतो. फुक्सरोऱ्हच्या उताराच्या तळाला उलटं होतं, तिथं गाडी दाबली जाते आणि बूड घासतं, कारुसेलच्या काँक्रीटच्या गोल घळीत पण तेच. म्हणून गाडी थोडी वर उचलायची, स्प्रिंग मऊ करायची. दिसायला रेसिंग वाटत नाही, पण चाकं जमिनीवर राहतात.

हवा भरताना पण तो फसायचा, थंड टायरमध्येच पाहिजे तेवढी भरायचा. पण २७ डिग्रीला २६ पीएसआय भरली आणि टायर ८७ डिग्रीला गेला तर बाहेरच्या हवेचे १४.७ धरून हिशेब केला की साधारण ३४ होतात. थंड असतानाच कमी ठेवायची, दुसरं काय. गिअरचं फार डोकं लावलं नाही, शेवटी डॉटिंगर होहेचा दोन किलोमीटरच्या वर सरळ पट्टा आहे तिथं इंजिन फार लवकर लिमिटला लागू नये एवढंच बघितलं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवून बसलो, तीन रात्री गेल्या, ८ मिनिटं ३१ वरनं ८ मिनिटं ९ वर आला. आता नवीन तक्रार, हळू वळणात पुढचं तोंड वळंना झालंय. म्हटलं मागचा बार एक नंबर परत कडक कर, एकच. तो म्हणाला, "बघा, मी आधीच सांगितलं होतं की." मी काहीतरी बोलणार होतो, पण वळीव सुटला आणि करंट गेला.